उद्याचे भाव

दुकान सकाळी आठला उघडायचं, पण ती पाचला आत असायची. बावीस रांगांचं मोठं दुकान, आणि त्यात तिचं काम एकच: भावाच्या पट्ट्या बदलणं. मुख्य कचेरीकडून यादी यायची, मागच्या खोलीतलं यंत्र करकरत पट्ट्या छापायचं आणि ती त्या कापून फळीच्या कडेला प्लॅस्टिकच्या खाचेत सरकवत रांगेमागून रांग पुढे जायची. जुना आकडा काढायचा, नवा घालायचा. नऊ वर्षांत नवा आकडा जुन्यापेक्षा लहान निघाला असे दिवस बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातही दोनदा छपाईचीच चूक होती.

नवरा तिला भाववाढबाई म्हणायचा. तो उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दुपारी अडीचला निघायचा तो रात्री मुलगी झोपल्यावर परतायचा. ती दोनला सुटून धावत घरी यायची तेव्हा तो बूट घालत असायचा. दहा-पंधरा मिनिटांत काय तो संसार उरकायचा. मुलीची वही कुठे, गॅसवाला आला का, दूध उकळलंय, चल निघतो. "तू सकाळी जाऊन सगळं महाग करून येतेस," तो एकदा म्हणाला होता, "आणि तेच संध्याकाळी पिशवीत भरून आणतेस. दुसऱ्या कुणावर तरी सोड की हे काम." ती हसली होती. हसण्यासारखं होतं म्हणून नाही, त्याला निघायची घाई होती म्हणून.

या वेळी मात्र तिनं हट्टानं चार दिवसांची रजा मागितली होती. ताई परदेशी चालली होती, मुलाकडे, कायमची. घर विकलं होतं, सामान निम्मं वाटून झालं होतं आणि सोमवारी दुपारचं विमान होतं. आई गेली तेव्हा ही सात वर्षांची होती. वेणी घालण्यापासून शाळेच्या फीपर्यंत सगळं ताईनं केलं. त्या ताईला ती चार वर्षांत भेटली नव्हती. दरवेळी काहीतरी व्हायचं. हा महिना नको, सणासुदीची गर्दी आहे. पुढचा नको, मालाची मोजणी आहे. ताई कधी रागावली नाही. "तुझं दुकान चालू राहू दे गं बाई, नाहीतर लोक जेवतील काय," एवढंच म्हणायची.

तिकिटं दोन महिन्यांपूर्वीच काढली होती. शुक्रवारी संध्याकाळी सहा चाळीसची गाडी, चौदा तासांचा प्रवास, ती आणि मुलगी. नवऱ्याला सुट्टी मिळाली होती, पण ती मुलीची शाळा-डबा सांभाळायला लागेल म्हणून आधीच मागून ठेवलेली. मग मुलगीही मावशीकडे यायला हटून बसली आणि तिसरं तिकीट परवडत नसल्यानं त्याची सुट्टी तशीच राहिली. परत घ्यायला त्याच्या साहेबानं नकार दिला.

ताईला काय न्यायचं, यावर महिनाभर खल चालला होता. आधी ठरली चाकांची मोठी बॅग. बॅगेच्या भावाची पट्टी तिनं स्वतःच दोनदा बदलली, तेव्हा बॅगेची शाल झाली. शालीचा भाव चढला तेव्हा शालीचा मफलर झाला. शेवटी मफलर घेतला एकदाचा, राखाडी रंगाचा, आणि तो आणखी महाग व्हायच्या आत घेतल्याचं तिला इतकं समाधान वाटलं की नंतर स्वतःचीच लाज वाटली. घरातल्या बॅगेची चेन अडकत होती. नवऱ्यानं बुधवारी कामावर जाण्याआधी ती मेणबत्तीनं घासून सरळ केली. मुलीनं आपले कपडे तीनदा भरले आणि तीनदा काढले.

त्याच बुधवारी, सुटता सुटता, तिला पोस्टमास्तर भेटले.

पोस्टमास्तर हे काही आता पोस्टमास्तर नव्हते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. एकटेच राहायचे. रोज दुकानात येऊन प्रत्येक फळीसमोर चष्मा वर-खाली करत भाव वाचायचे आणि बहुतेक वेळा हातात एखादीच वस्तू घेऊन जायचे. त्या दिवशी ते तेलाच्या फळीसमोर उभे होते. डबा उचलला, ठेवला, परत उचलला.

"पेन्शन एक तारखेला येते," ते तिला म्हणाले. "तोवर थांबलं तर चालेल का हो? तुम्हाला कळत असेल ना आधी."

कळत होतं. शुक्रवारची यादी सकाळीच आली होती आणि तेल तिच्यात सगळ्यात वर होतं. पण मागच्या खोलीत, हजेरीच्या यंत्राशेजारी पाटी होती: उद्याचे भाव आज सांगू नयेत. नऊ वर्षांत तिनं ते कधी मोडलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा सांगत नसे. पण त्या दिवशी मनानं ती अर्धी गाडीत बसलेली होती आणि समोरचा माणूस डबा तिसऱ्यांदा खाली ठेवत होता.

"आजच घ्या," ती हळूच म्हणाली. "शुक्रवारपासून बरंच वाढणार आहे."

त्यांनी डबा घेतला. एकच घेतला. हात जोडले आणि गेले.

माणूस भला होता, हीच अडचण झाली. आपल्याला कळलं ते शेजाऱ्यांनाही कळावं म्हणून त्यांनी इमारतीत दारोदार जाऊन सांगितलं. गुरुवारी दुकान उघडलं तेव्हा बाहेर रांग होती. अकरापर्यंत तेलाची फळी रिकामी झाली, बारापर्यंत मागचा साठा. दोन बायकांची शेवटच्या डब्यावरून खेचाखेच झाली आणि डबा फुटला. फरशी गुडघ्यांवर बसून तिनंच पुसली.

व्यवस्थापकानं चौकशी सुरू केली. तो वाईट माणूस नव्हता. पोटाचा त्रास असलेला, सतत ताक नाहीतर औषध पिणारा, वरून आलेला फोन उभं राहून घेणारा माणूस. त्यानं बिलं काढून पाहिली. सगळ्यात जास्त डबे एकाच काउंटरवरून गेले होते. ते काउंटर जुळ्यांच्या आईचं; घरी जुळी तान्ही मुलं म्हणून दुकानात सगळे तिला तसंच म्हणायचे. आणि घेणारे बहुतेक तिच्याच इमारतीतले, कारण ती आणि पोस्टमास्तर एकाच इमारतीत राहत होते. ते तिच्या काउंटरवर आले ते ओळखीची म्हणून. पण व्यवस्थापकाला एवढं पुरेसं होतं.

"मला उद्याची यादी दिसतसुद्धा नाही," जुळ्यांची आई म्हणाली. "मी कुणाला काय सांगणार?"

"चौकशी होईपर्यंत घरी थांबा," तो म्हणाला. "माझ्या हातात काही नाही."

तिनं अंगातला दुकानाचा कोट काढला, त्याची घडी केली आणि मागच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला. पट्ट्यांच्या यंत्राजवळ उभी राहून ही सगळं बघत होती. आत्ता बोलावं, आत्ता बोलावं, असं म्हणेपर्यंत ती दाराबाहेर गेलीसुद्धा.

शुक्रवारी पहाटे तिनं तेलाची नवी पट्टी रिकाम्या फळीला लावली. दोनला सुटायचं, मुलीला घ्यायचं, पाचला घर सोडायचं. गप्प राहायचं तर दोनपर्यंतचे नऊ तासच राहायचं होतं. परत आल्यावर बघू, असं तिनं स्वतःला दहाव्या रांगेपर्यंत पटवलं. अकराव्या रांगेत लहान मुलांचे दुधाचे डबे होते. तिथे तिचे हात थांबले. जुळ्यांच्या आईचा नवरा वर्षभर घरी बसून होता, हे सगळ्या दुकानाला ठाऊक होतं.

बाराला ती व्यवस्थापकाच्या खोलीत गेली. "मी सांगितलं होतं. तिनं नाही," ती म्हणाली.

त्यानं ताकाचा पेला बाजूला ठेवला. मग उठून दार लावलं.

"आज तुमची गाडी आहे ना?"

"हो."

"मंगळवारी सांगता आलं नसतं?" तो जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाला. "तुम्ही जाऊन आला असता, मग मी बघितलं असतं. आता मला ऐकल्यावर कळवावंच लागेल."

"चार दिवस तिनं घरी बसायचं?"

त्यानं फोन उचलला आणि उभा राहिला. पलीकडचं तिला ऐकू येत नव्हतं, एवढंच काय ते बरं होतं. "हो साहेब. नऊ वर्षं. नाही, पहिल्यांदाच. त्यांची रजा मंजूर आहे साहेब, बहीण परदेशी... मंगळवारी चालेल का? ... नाहीतर बुधवारी, साहेब? ... बरं. बरं." त्यानं फोन ठेवला. सोमवारी सकाळी अकराला मुख्य कचेरीतला माणूस येणार होता. रजा रद्द. सोमवारी हजर नसल्यास नोकरी सोडली असं धरण्यात येईल.

"मी दोनदा विचारलं," तो म्हणाला.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

घरी बॅग दारातच उभी होती. नवरा चिडला, पण कुणावर चिडावं ते त्याला कळेना. आधी व्यवस्थापकावर चिडला, मग पोस्टमास्तरांवर, मग तिच्यावर. "तुला नेमकं आजच हरिश्चंद्र व्हायचं होतं?" तो बोलून गेला. मग दारातली बॅग सरळ करत म्हणाला, "जा तू. नोकरी गेली तर गेली. दुसरी बघू." दुसरी कुठे बघायची, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. घरभाडं त्याच्या एकट्याच्या पगारात बसत नव्हतं, आणि हे ठाऊक असल्यामुळेच तो इतक्या मोठ्या मनानं बोलू शकला होता. मुलगी बॅगेवर बसून राहिली. कुणी उठ म्हटलं नाही.

तिनं ताईला फोन लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं. पलीकडे भांडी गुंडाळायच्या कागदाचा आवाज येत होता, तो थांबला.

"बरं केलंस सांगितलंस ते," ताई म्हणाली.

"काय बरं केलं? मला यायचं होतं."

"मला काय कळत नाही का ते? रडू नकोस. मी काही मरायला चालले नाही." मग आवाज जरा खाली आला. "तुझ्यासाठी गादी धुऊन घातली होती, एवढंच."

शनिवार आणि रविवार ती कामावर गेली, कारण रजा रद्द म्हणजे काम आलंच. पोस्टमास्तर आले. झाल्या प्रकारातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. "तुमच्यामुळे सगळ्यांची सोय झाली," म्हणाले. त्यांना काय सांगायचं? ती "हो का" म्हणाली आणि पुढच्या रांगेत गेली.

सोमवारी मुख्य कचेरीतला माणूस बारा वाजता आला. तिच्यापेक्षा लहान असावा. त्यानं तिचं निवेदन वाचलं, तीन प्रश्न विचारले आणि मधेच घड्याळ बघितलं. त्यालाही परतीची गाडी गाठायची होती. सगळं वीस मिनिटांत आटोपलं. लेखी ताकीद, आणि वर्षभर सलग दोन दिवसांपेक्षा जास्त रजा नाही.

"हे फोनवर झालं नसतं का?" तिनं विचारलं.

"नियमाप्रमाणे समक्षच करावं लागतं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कसलाच कावा नव्हता.

जुळ्यांची आई काउंटरवर परतली होती. ही जवळ गेली तेव्हा तिनं मान वर केली नाही. "तू बोललीस, ठीक आहे," ती म्हणाली. "पण मला कोट काढायला लावला तेव्हा तू तिथेच उभी होतीस. मी पाहिलं होतं." मग ती गिऱ्हाइकाकडे वळली.

दोनला तिनं मागच्या खोलीतून, खोक्यांच्या आडोशाला उभं राहून फोन केला. ताई विमानतळावर होती. आजूबाजूला इतका गलका की दोघींना ओरडून बोलावं लागत होतं, आणि ओरडून जे बोलता येतं तेवढंच बोलणं झालं. खाल्लंस का. औषधं हातातल्या पिशवीत ठेव. तिकडे थंडी असेल, कान झाक. गाद्या शेजारणीला दिल्या. आईचा फोटो माझ्याकडे आहे, तुला हवा होता का? "राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. मग ताई म्हणाली, बोलावतायत, आणि काहीतरी आणखी म्हणाली, ते नीट ऐकू आलं नाही. तिनं "हो, हो," म्हटलं. फोन बंद झाल्यावर आपण कशाला हो म्हटलं, याचा ती बराच वेळ विचार करत राहिली.

घरी आली तर नवरा घरातच. त्याची सुट्टी अजून एक दिवस होती. मुलगी शाळेतून आली नव्हती. भर दुपारी दोघांनी एकत्र घरात असण्याची ही किती महिन्यांनी आलेली वेळ, आणि दोघांनाही काय करावं ते सुचेना. तो एका खुर्चीवर, ती दुसऱ्या. घरात दुपारचं ऊन कुठवर येतं, ते तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

"चहा टाकू?" त्यानं विचारलं.

"टाक."

तो उठला तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्यवस्थापक होता. आवाजात संकोच होता. उद्याची यादी मोठी आहे, म्हणाला, पाचऐवजी चारला येता येईल का.

"येते," ती म्हणाली.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात थांबला होता. "नाही म्हणायचं होतंस," तो म्हणाला.

"म्हणायचं होतं," ती म्हणाली, आणि मोबाइलमध्ये पहाटे तीनचा गजर लावू लागली.