पाय हलवायचा नाही

"काका, ही फळी उचलायची तर कॉट सरकवायला लागेल," सुतार म्हणाला. "काकूंना घटकाभर पलीकडच्या खोलीत न्यायचं का?"

"नको. कॉट सरकव, पण ती इथेच राहू दे," घड्याळजी म्हणाले. "तिच्या डोळ्यांदेखत निघाली पाहिजे."

दोघांनी मिळून कॉट भिंतीकडे ओढली. कॉटवर घड्याळजींची बायको होती. उजवं अंग पार लुळं पडलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, वाचा गेलेली. डोळे तेवढे जागे होते. ते एकदा सुताराकडे गेले, एकदा नवऱ्याकडे, आणि मग छताला जाऊन टेकले. डावा हात मात्र स्वस्थ नव्हता. तो उजव्या हाताची बोटं चाचपायचा, मनगट दाबायचा, अख्खा हात उचलायचा आणि सोडून द्यायचा. दवाखान्यातून घरी आल्यापासून तीन महिने हेच चाललं होतं.

"बघ, अंगठी मागतेय," घड्याळजी सुताराला म्हणाले. "दिवसभर मागत असते. मला बघवत नाही रे."

अंगठी म्हणजे काही राजाराणीची नव्हे. बारीक सोन्याची तार, आणि तिच्यावर तांदळाच्या कणीएवढं माणिक. तेही एका मोडक्या घड्याळातून काढलेलं. लग्नात खडा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून स्वतः बसवलं होतं. अडतीस वर्षांत ती अंगठी तिच्या बोटातून फक्त कामापुरती निघायची आणि हात पुसले की पुन्हा बोटात जायची. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी ती जमिनीवर पडली, घरंगळली आणि फळ्यांच्या फटीतून खाली गेली. खाली घड्याळजींचं दुकान, वर घर. मधे लाकडी जमीन, आणि जमीन नि दुकानाचं छत यांच्यात वीतभर पोकळी. अंगठी त्या पोकळीत कुठेतरी होती. ती काढायची आणि तिच्या बोटात घालायची, एवढं एकच काम आता आपल्या हातून व्हायचं राहिलंय, असं घड्याळजींच्या मनाने घेतलं होतं. दुकान तेव्हापासून बंदच होतं.

सुताराने पटाशी फटीत घातली. खिळे जुने, गंजलेले. कुरकुरत वर यायला लागले.

"जपून," घड्याळजी म्हणाले. "आणि काही पडल्याचा आवाज आला तर पाय हलवायचा नाही."

सुतार हसला. "ठाऊक आहे हो काका! तुमच्या दुकानात मीसुद्धा एकदा पुतळा झालोय."

हा त्या घरचा कायदाच होता. घड्याळाचं काम म्हणजे मोहरीहून बारीक वस्तूंशी गाठ. चिमट्यातून स्क्रू सुटला की सुटला. मग माणूस काय करतो? दचकतो, खुर्ची मागे सारतो, वाकतो, आणि स्वतःच्याच चपलेखाली तो स्क्रू घेऊन गावभर हिंडतो. म्हणून घड्याळजींच्या वस्तादाने त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं, आधी कान, मग डोळे, सगळ्यात शेवटी हात. आणि पाय? पाय मेलेत असं समजायचं. तोच धडा घड्याळजींनी घरी आणला. काहीही पडलं की ते ओरडायचे, "पाय!" की जो तो जिथल्या तिथे. मुलगी लहानपणी एकदा लंगडी घालता घालता सापडली. बिचारी एका पायावर उभी, आणि बाप गुडघ्यांवर बसून स्प्रिंग शोधतोय. आईने हसू दाबत तिला खांदा दिला होता, पण जागची हलली तीही नव्हती.

बाकी बाबतीत मात्र बायको कायद्यात बसणारी नव्हती. नवऱ्याने हाक मारली की तिचं उत्तर ठरलेलं, "अहो, एक मिनिट!" जेवायला वाढ, एक मिनिट. बाहेर जायचंय, एक मिनिट. त्या एका मिनिटात घड्याळजींचं वर्तमानपत्र वाचून व्हायचं. ते तिला मिनिटबाईच म्हणायचे. गिऱ्हाइकांसमोर सांगायचे, "गावाची घड्याळं सुधारतो मी, घरातलं एक तेवढं सुधरत नाही." तीही काही कमी नव्हती. आतून तिचा आवाज यायचा, "गावाची घड्याळं बंद पडतात म्हणून तुमची चूल पेटते. मी बंद पडले की कळेल!"

आणि हात तिचा असा, की नवऱ्याने पाहत राहावं. गेल्या काही वर्षांत घड्याळजींच्या बोटांना कंप सुटला होता. दुपारी ती खाली यायची, भिंग लावायची आणि बारीक स्क्रू एकेक करून जागी बसवून द्यायची. गिऱ्हाइकांना पत्ताही नव्हता. अडतीस वर्षांत तिच्या हातून कधी काही पडलं नाही. हे घड्याळजींना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर जीव जळत होता.

पहिली फळी निघाली. सुताराने आत बॅटरी मारली आणि शीळ घातली.

"अहो काका, इथे तर तुमचं दुसरं दुकान निघालं!"

खरंच होतं. धुळीच्या थरात स्क्रू, चाकं, तुटके काटे, दोन बटणं, एक शिसपेन्सिल आणि मुलीचा दुधाचा दात. तो हरवला म्हणून तिने दोन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं होतं. अंगठी काही दिसत नव्हती.

"नक्की कुठनं आत गेली?" सुताराने विचारलं.

"टेबलाच्या पायापासून दोन हात. पहिला आवाज इथे, दुसरा तिथे. मग घरंगळली, भिंतीच्या रोखाने."

"शाब्बास! आणि पडली कधी म्हणालात?"

"आठला," घड्याळजी म्हणाले. "टोले पडत होते. सहावा टोला पडला आणि ही पडली."

दारात कप वाजले. मुलगी चहा घेऊन आली होती. शाळेत शिकवायची ती, आणि आईसाठी बिनपगारी रजा टाकून राहिली होती. ट्रे तिने हातातच धरला.

"आठला?" ती म्हणाली. "बाबा, डॉक्टरांना तर तुम्ही आठ वाजून अकरा मिनिटं सांगितलंत."

"ते आईचं," घड्याळजी घाईघाईने म्हणाले. "आई पडली आठ वाजून अकरा मिनिटांनी. अंगठी आठला."

बोलून गेले, आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, झाले असतील आठ, साडेआठ, कोणाला आठवतंय! पण चाळीस वर्षं सेकंद मोजलेला माणूस. वेळ विचारली की खरी वेळच तोंडून जायची. खोटं बोलायचं म्हणून दवाखान्यातही ते खोटं बोलले नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, "कधी पडल्या?" त्यांनी सांगितलं, आठ वाजून अकरा. मिनिटासकट सांगितलं म्हणून डॉक्टरांनी कौतुकसुद्धा केलं होतं. अंगठीचं कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घरी मुलीला एवढंच कळलं होतं की त्या गडबडीत अंगठी कुठेतरी गेली.

मुलीने ट्रे टेबलावर ठेवला.

"म्हणजे अंगठी आईच्या हातातून पडली. आठला. मग अकरा मिनिटं तुम्ही दोघं काय करत होतात?"

सुतार खाली मान घालून नसलेला खिळा शोधायला लागला.

"बाबा, मी काय विचारतेय?"

"शोधत होतो," घड्याळजी म्हणाले.

"आणि आई?"

"उभी होती."

घड्याळजी उघड्या फळीशी गुडघ्यांवर बसले होते, अगदी त्या सकाळी बसले होते तसेच. इतके दिवस ओठांमागे दाबून ठेवलेलं सगळं आता थांबेना.

"मी ओरडलो, पाय! ती थांबली. नेहमीसारखी. मी जमिनीला कान लावला. घरंगळत्या वस्तूचा आवाज बारीक असतो गं, श्वाससुद्धा आड येतो. ती वरून म्हणाली, अहो, एक मिनिट. मी लक्ष दिलं नाही. तिचं एक मिनिट रोजचंच. मग म्हणाली, अहो, हात... मी म्हटलं, गप्प. ऐकू दे."

"ऐकू दे म्हणालात?"

"हो. मग ती बोललीच नाही. मी फटीत काडी घालत होतो. मला तिचे पाय दिसत होते फक्त. उजवा पाय वाकडा व्हायला लागला, टाच फिरली. आणि मी..." त्यांनी फळीच्या कडेवर हात टेकला. "मी तिच्यावर खेकसलो. पाय हलवू नकोस म्हटलं ना! तरी तिने टेबल धरून तो पाय सरळ करायचा प्रयत्न केला. मी बघितला तो प्रयत्न. वर नाही बघितलं. एकदा मान वर केली असती तर तोंड दिसलं असतं तिचं. मग ती पडली. तेव्हा घड्याळात आठ अकरा झाले होते."

मुलगी भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या तोंडावर राग होता, आणि राग कोणावर काढावा ते न कळल्यासारखं तोंड होतं.

"तुम्ही तिला शिकवलंत," ती म्हणाली. "आम्हां सगळ्यांना शिकवलंत. माझ्यासारखी एका पायावर उभी राहिली असेल ती, तुमची वस्तू सापडेपर्यंत. निदान डॉक्टरांना सांगायचं! ते काय म्हणाले होते तुमच्यासमोर? एकेक मिनिट मोलाचं असतं म्हणून?"

"ते मला शिकवायला नको होतं," घड्याळजी म्हणाले. "मिनिटाचं मोल."

खाली रस्त्यावर कोणी कोणाला हाका मारत होतं. सुतार हळूच म्हणाला, "काका, दुसरी फळी उचलू, की आज राहू दे?" घड्याळजींनी फळीकडे बोट केलं. पटाशी पुन्हा चालू झाली. बिचारा गडी भला होता. मघापासून थट्टा करत होता, आता खिळे निघतानाही आवाज होऊ नये म्हणून जपत होता.

दुसऱ्या फळीखाली, तुळईला टेकून, अंगठी होती. घड्याळजींनी सांगितलं होतं त्याच रोखाने, भिंतीपासून चार बोटं. कान त्यांचे चुकले नव्हते. धुळीने माखलेली, पण माणिक जागेवर. सुताराने ती दोन बोटांत धरून त्यांच्या तळव्यावर ठेवली आणि चहा न घेताच, "खिळे घेऊन येतो," म्हणून जिना उतरून गेला.

घड्याळजींनी अंगठी सदऱ्याने पुसली. उठायला त्यांना कॉटचा आधार घ्यावा लागला. बायको बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. ऐकायला काय, कान तिचे शाबूत होते.

"सापडली गं," ते म्हणाले. "बघ. तुझी अंगठी."

त्यांनी तिचा उजवा हात घेतला. बोटं सुजलेली होती. अंगठी पहिल्या पेरावरच अडली. त्यांनी थोडी फिरवून पाहिली, आणि दुखेल म्हणून सोडून दिलं. मग तिचा डावा हात उघडून तळव्यावर अंगठी ठेवली आणि बोटं मिटली.

"ठेव तुझ्याजवळ. सूज उतरली की घालू. आता मागू नकोस हं."

तिने मूठ छातीशी नेली. थोडा वेळ नवऱ्याकडे पाहत राहिली. मग मूठ कॉटच्या कडेला आली आणि बोटं उघडली. हातातून सुटली की तिने सोडली, देव जाणे. अंगठी खणकन जमिनीवर पडली, एकदा उडाली आणि घरंगळायला लागली.

"पाय!" मुलगी ओरडली. जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. आणि ती होती तिथे गुडघ्यांवर बसून, उघड्या फळ्यांकडे जाणाऱ्या त्या बारीक आवाजाला कान देऊ लागली.

घड्याळजींनी खाली पाहिलं नाही.

बायकोचा रिकामा डावा हात पुन्हा उजव्या हातावर गेला होता. तिने तो लुळा हात मनगटाला धरून उचलला, मोठ्या कष्टाने नवऱ्यासमोर आणला आणि तसाच धरून ठेवला. अंगठी मागायला नव्हे. तीन महिने ती तेच सांगत होती. त्या सकाळी जे सांगत होती तेच.

"हात," घड्याळजी म्हणाले. "हात म्हणत होतीस."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाकड्या ओठांची हालचाल झाली, पण शब्द काही निघेना.

मागे मुलगी म्हणाली, "बाबा, जरा गप्प! फळीखाली गेली. ऐकू दे."

घड्याळजींनी तो जड, थंड हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. कॉटशी वाकले, तिच्या ओठांजवळ कान नेला.

"बोल," ते म्हणाले. "मी ऐकतोय. हवं तर एक मिनिट घे."