ती गुडघ्याची गोळी

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांना आपल्या रक्तदाबाचा थोडा अभिमानच होता. ज्याच्या शेजारी बसलेला नवशिका रोज गाडी खांबाच्या दिशेने नेतो, त्या माणसाचा दाब वाढणार नाही तर काय होणार, असं ते चारचौघांत सांगत. लोक हसले की स्वतःही पोट धरून हसत. हसत नव्हत्या त्या फक्त डॉक्टरीणबाई. त्यांनी आधी एक गोळी दिली, मग दुसरी, मग तिसरी. मास्तर गोळ्या चुकवणाऱ्यांतले नव्हते. दात घासून झाले की गोळ्या, मगच चहा. तरी दंडाला पट्टा बांधला की आकडा आपला वरच.

बायकोने घरात मिठावर बंदी आणली. भाजी अळणी, भात अळणी, उकडलेलं अंडंसुद्धा अळणी. "हे जेवण बघूनच माझा दाब चढतो," मास्तर कुरकुरत.

"मीही तेच गिळतेय," बायको म्हणे. "मला कुठे चढतोय?"

लेक आणि जावई जेवायला आले, तेव्हा जावयाने दोन घास खाल्ले आणि दुपारी उशिरा जेवण झालंय म्हणून हात धुतले. मास्तरांना त्याचा हेवा वाटला. त्यांना कुठे उठून जाता येत होतं?

मग त्यांनी दाब मोजायचं यंत्र आणलं आणि त्याच्याशीच भांडण मांडलं. आकडा पटला नाही की दुसऱ्या हाताला पट्टा. तोही पटला नाही की बायकोच्या हाताला. तिचा आकडा कसा छान यायचा. "म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही," ती शांतपणे म्हणायची. तो शांतपणाच मास्तरांच्या डोक्यात जायचा.

शेवटी तिने त्यांना धरून दवाखान्यात नेलं.

"गोळ्या नेमाने घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकही चुकवत नाही."

"आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"छे! औषधांचा मला मुळात तिटकारा," मास्तर ऐटीत म्हणाले, आणि उठताना टेबल धरून "आई गं!" करून कळवळले.

"गुडघा दुखतो?"

"ते धंद्याचं दुखणं हो. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, दिवसभर त्यावर पाय. पण त्याची चिंता नको. सकाळी एक गोळी टाकली की गुडघा गप्प. फारच झालं तर दुपारी अजून एक."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. मास्तरांना वाटलं, आपण काही विनोद केला की काय.

"आणखी कुठलंच औषध नाही म्हणालात."

"तुम्ही दाबाचं विचारत होतात ना? ही गुडघ्याची."

"पोटात गेलेल्या गोळीला कोण सांगतं, की बाई, तू फक्त गुडघ्याकडे जा?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ही दुखण्याची गोळी रोज घेतली की अंगात मीठ आणि पाणी साठून राहतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. मी तुमचा दाब खाली ओढतेय आणि तुम्ही तो खालून वर ढकलताय. आणखी काही घेता?"

"त्या गोळीने छातीत जळजळतं. म्हणून ती पाण्यात फसफसणारी पूड..."

"तिच्यात सोडियम असतं. मिठात जे वाईट, तेच."

"कुठे ठेवता हे सगळं?" आता बायकोने तोंड उघडलं.

"गाडीत."

"म्हणजे मी घरात मिठाची चिमूटन् चिमूट वाचवतेय, आणि तुम्ही गाडीत बसून ग्लासभर मीठ ढोसताय?"

पूड खारट नसते, लिंबाच्या चवीची असते, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आलेलं उत्तर गिळलं.

गोळी आणि पूड दोन्ही बंद झाल्या. त्यांच्या जागी मलम, गरम पाण्याची पिशवी आणि पाय सरळ उचलायचा व्यायाम आला. पहिल्या आठवड्यात गुडघ्याने असा सूड उगवला की ब्रेकवर पाय ठेवणंच अशक्य झालं. मास्तरांनी पाय बाजूला घेतला आणि डोळे मिटले.

चालवत होत्या शिकायला येणाऱ्या शिंपीणबाई. शिलाई मशीन चालवावी तशा त्या पायाने लय धरत. चौक आला, गाडी सावकाश थांबली. मास्तरांनी एक डोळा उघडला.

"कोणी थांबवली?"

"मी," त्या स्वतःच चकित होऊन म्हणाल्या. "आजवर वाटायचं गाडी आपोआपच थांबते. मास्तर, इतके दिवस ब्रेक तुम्हीच मारत होतात?"

मास्तरांनी मनाशी हिशेब केला. इतकी वर्षं पुढाऱ्यासारखं "मी माणसं घडवली" म्हणून मिरवलं, आणि बिघडवला काय, तर स्वतःचा गुडघा.

दोनेक महिन्यांत आकडा उतरला. तिसरी गोळी सुटली, दोन राहिल्या; त्या सुटणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मूत्रपिंडांची तपासणी चांगली आली, तेव्हा बायकोने तोंड फिरवून डोळे पुसले आणि लगेच चष्माच पुसत असल्याचं दाखवलं. मास्तरांनी ते पाहिलं, आणि चेष्टा करायचं टाळलं.

हल्ली मात्र दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ते शेजारच्याला हळूच विचारतात, "दाब आहे? बरं, गुडघ्याला काय घेता? आणि पाठीला?" एकदा तर स्वतःचा नंबर होऊन गेल्यावरही त्यांनी सगळ्या बाकाची अशी उलटतपासणी केली. शेवटी नावं पुकारणारी मुलगी ओरडली, "काका, तुमचं कधीच झालंय, आता घरी जा!"