फाट्यावरची डहाळी

निकिताची कविता वहीच्या शेवटच्या पानावर होती. रानात एका वाटेच्या दोन होतात; वाटसरू थबकतो, दोन्हीकडं पाहतो, एक धरतो आणि दुसरी त्याला जन्मभर आठवत राहते.

"कशी वाटली, भाबी?"

संगीता नयनला पाजत होती. "चांगली हाय. पण तुह्या वाटसरूच्या मांगं कोणीच येऊन नाही राह्यलं. असा एकटा माणूस आपल्या तांड्यात कुठं असते?"

"म्हणून तर कवितेत टाकला!" ननंद खळखळून हसली.

मग तिचं लग्न ठरलं आणि ते हसणं सरलं. तिला यवतमाळला नर्सिंग करायचं होतं. तिच्या बापानं, डोंगरसिंगनं, बारावीची गुणपत्रिका पेटीत घालून कुलूप लावलं.

दोघींनी गुपचूप ठरवलं. निकितानं सकाळीच निघायचं, संगीतानं किल्ली हाती लागताच कागद घेऊन मागून यायचं. फाट्यावरून एक वाट दारव्ह्याच्या जीपकडं जाते, दुसरी पळसातून एसटीच्या थांब्याकडं.

"जिकडं ओळखीचं कोणी नसन तिकडं जाईन. डहाळी ठेवीन."

पुढं गेलेल्यानं आपल्या वाटेवर दगडाखाली पळसाची डहाळी ठेवायची, ही बैलांच्या पाठीवर मीठ वाहणाऱ्या पणज्यांपासूनची रीत. ती कोणी हलवत नाही. हलवणाऱ्याचं लेकरू वाट चुकते, ते परत येत नाही, असं तांड्यातलं पोर पाळण्यातच ऐकतं.

संगीता पोचली तेव्हा डहाळी पळसाच्या वाटेवर होती. पानं अजून टवटवीत. कागद कमरेला खोचलेला, नयन कडेवर. मागून मोटारसायकल ऐकू आली. सासऱ्याचीच, तिचा फुटका आवाज सगळा तांडा ओळखायचा.

डहाळी दारव्ह्याच्या वाटेवर टाकायला चार पावलं पुरली असती. ती वाकली. दगड उचललाही. नयननं तिच्या गळ्यातली माळ मुठीत गच्च धरली होती.

तिनं दगड होता तिथंच ठेवला.

"सूनबाई, लेकरू घेऊन उन्हात कायले आली?" डोंगरसिंगनं विचारलं खरं, पण नजर डहाळीवर गेली होती. तो उत्तराला थांबला नाही.

तासाभरात तो परतला. मागच्या सीटवर निकिता, मान खाली.

हळदीच्या दिवशी तिनं भावजयीला जवळ बोलावलं. "बापूच्या आधी तूच पोचलती ना फाट्यावर?"

"हो."

निकितानं हात पुढं केले, नयनला मांडीवर घेतलं. त्याच्या गालाला लागलेली आपली हळद पदरानं हळूच पुसली.

"बरं हाय ना तुहं लेकरू?"