चिंचेनं घासलेलं अमेरिकन मेडल

मेडल मीच घासलं. चिंच आणि मीठ लावून, नारळाच्या शेंडीनं, चांगलं दहा मिनिटं. अंबरनाथच्या बुवापाड्यात हे आता सगळ्यांना ठाऊक आहे आणि जो तो पदरचं घालून सांगतो, म्हणून म्हटलं एकदा माझ्या तोंडून ऐका.

आमचे हे, भीमराव, एका कारखान्यात टूलरूमला होते. डाय कापायचे. डाय म्हणजे पोलादाचा ठसा. त्यात उलटं चित्र कोरायचं आणि प्रेसखाली धातू दाबला की चित्र सुलट उठतं. शाळांचे बिल्ले, कबड्डीची मेडलं, बँकेच्या शिपायांची बक्कलं, एकतीस वर्षं हेच केलं. मग ऐंशी साली उल्हासनगरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना अमेरिकन मेडलांचा कॅटलॉग सापडला आणि माझ्या घरात सवत आली.

इंग्रजी जेमतेम, पण डिक्शनरी घेऊन तो कॅटलॉग त्यांनी पाठ केला. जेवताना मला ऐकवायचे. अमेरिकेत म्हणे एकोणीसशे तीस सालापासून एक संस्था होती. वर्षाला दोन मेडलं काढायची आणि वर्गणीदारांच्या घरी पाठवायची. शर्यत जिंकली म्हणून नाही, लढाईत पराक्रम केला म्हणून नाही. मोठमोठ्या मूर्तिकारांना सांगायचे, तुला वाटेल ते कर. मूर्तिकार परातीएवढं चित्र प्लास्टरमध्ये करायचा, मग एक यंत्र त्याच्यावर सुई फिरवत फिरवत तेच चित्र लहान करून पोलादात कापायचं. हे सांगताना ह्यांची भाकरी हातातच राहायची. म्हणायचे, "सुंदरा, ही मेडलं छातीवर लावायची नाहीत. तळहातावर घ्यायची आणि बोटानं बघायची." मी म्हणायची, आधी जेवा, वरण निवतंय.

मग ओहायो नावाच्या गावात, का राज्यात, तिथल्या एका रिटायर मास्तरांशी ह्यांचा पत्रव्यवहार जमला. हे आपल्या हातानं कोरलेले बिल्ले पाठवायचे, ते तिकडून मेडल पाठवायचे. वीस वर्षांत नऊ मेडलं झाली. पंच्याण्णव साली ती संस्था बंद पडली. ते मास्तरांच्या पत्रातून कळलं तेव्हा हे दोन दिवस असे बसले होते की शेजारीण विचारायला आली, गावाकडून काही वाईट बातमी आली का म्हणून.

दहावं मेडल मात्र अमेरिकेतून आलं नाही, उल्हासनगरातून आलं. दोन हजार सहा साली कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात ह्यांनी ते बिलांवर वजन म्हणून ठेवलेलं बघितलं. एका बाजूला जाळं ओढणारे तीन कोळी, दुसऱ्या बाजूला नुसती लाट आणि तिच्यात एक मासा. शेठच्या तिजोरीची किल्ली हरवली होती. ह्यांनी ती बनवून दिली आणि मजुरी म्हणून ती काळी चकती मागून आणली. घरी आले ते हसतच आले. कॅटलॉगच्या साठाव्या पानावर तेच चित्र होतं.

आता कोळ्यांचं तेच मेडल आधीपासून आणखी एकाकडे होतं, ते म्हणजे विष्णुपंत. ह्यांच्याच कारखान्यात मोठे साहेब होते, राहायला बदलापूरला मांजर्लीत. रिटायर झाल्यावर त्यांनी नाणी आणि मेडलं जमवणाऱ्यांचं मंडळ काढलं आणि अध्यक्षही तेच झाले. माणूस वाईट नाही, पण साहेब तो साहेबच. आमचं मेडल त्यांनी भिंगातून पाहिलं आणि हसून म्हणाले, भीमराव, माझं मुंबईच्या लिलावातलं आहे, तुमचं उल्हासनगरचं. तिथे काय काय बनतं हे मी तुम्हाला सांगायला हवं का? मंडळातली सगळी मंडळी हसली. ह्यांनी सांगितलं की हे प्रेसखाली दाबलेलं आहे, नकली मेडलांसारखं ओतीव नाही, कॅटलॉगातलं माप बरोबर त्र्याहत्तर मिलिमीटर भरतं. त्यावर साहेब म्हणाले, माप काय, नकली बनवणाराही बघूनच बनवतो.

एकतीस वर्षं ज्या माणसानं ठसे कापले त्याला ठसा ओळखता येत नाही, असं चारचौघांत ठरलं. ह्यांना ते फार लागलं. कॅटलॉग उघडणं बंद झालं. मला बाई त्या सवतीची आठवण यायला लागली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मंडळाचं बदलापूरला दोन दिवसांचं प्रदर्शन ठरलं. ह्यांना टेबल मिळालं, पण साहेबांनी आधीच कळवलं होतं की कोळ्यांच्या मेडलापुढे 'प्रतिकृती' अशी चिठ्ठी लागेल. तरी हे ते मेडल न्यायचं म्हणाले. चिठ्ठी लागू दे, लोकांना दिसू दे, कोणीतरी डोळस भेटेल. ह्यांच्या जिवाला तेवढी एकच आशा होती, आणि मी तिच्यावर चिंच फिरवली.

झालं असं, की प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी बुद्ध पौर्णिमा होती. आदल्या दिवशी मी बुद्धांची पितळी मूर्ती, फुलदाणी, तांब्या सगळं घासायला काढलं. ते मेडल शेजारीच फळीवर होतं, काळंकुट्ट. मनात आलं, चार लोक बघणार, असं कसं न्यायचं? घातलं चिंचेत. असं लखलखीत निघालं की मलाच कौतुक वाटलं. ह्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, बघा आता.

ह्यांनी बघितलं आणि ते हातात घेऊनच खाली बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द ऐकवता आले असते. हळू आवाजात म्हणाले, तो काळसर रंग म्हणजे मळ नव्हे. ज्यांनी मेडल बनवलं त्यांनीच तो रंग चढवलेला असतो, तो सत्तर वर्षं मुरतो, आणि जमवणारे लोक त्यावर बोटसुद्धा घासत नाहीत. आता हे मेडल कोणी खरं मानणार नाही. मग उठून हात धुतले आणि न जेवता झोपले. माझा जीव तीळ तीळ तुटला. एवढी वर्षं त्यांनी जे सांगितलं त्यातलं मी काहीच ऐकलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझी मला लाज वाटली.

शनिवारी सकाळी ते मेडल मीच फडक्यात बांधलं. बांधताना उलटंपालटं करून पाहिलं. कालपरवा घासल्यासारखं स्वच्छ, एक डाग नाही. काहीतरी खटकलं, पण काय ते लक्षात येईना. ह्यांच्याबरोबर मीही निघाले. चूक माझी, तर टोमणेही मीच खाल्ले पाहिजेत.

टोमणे भरपूर मिळाले. दहा मेडलांतलं ते एकच तांब्यासारखं चमकत होतं आणि त्याच्यापुढे 'प्रतिकृती'. एकानं विचारलं, पॉलिश उल्हासनगरलाच केलंत का? हे खाली बघून बसले. मला तिथे बसवेना, म्हणून उठून साहेबांचं टेबल बघायला गेले.

तिथे साहेबांच्या पत्नी, मालिनीबाई, मऊ फडक्यानं त्यांचं कोळ्यांचं मेडल टिपत होत्या. मी वाकून बघितलं. तपकिरी रंगावर मोहरीएवढे हिरवट-काळे ठिपके. मी विचारलं, हे कशानं? त्या म्हणाल्या, दोन हजार पाचच्या पुरात मांजर्लीत आमच्या कपाटापर्यंत पाणी होतं, तेव्हापासून हे असंच. पुसलं की जातात, हवा दमट झाली की परत वर येतात. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "तुमच्या मेडलाचं ऐकलं मी. वाईट वाटून घेऊ नका. पुरात आमचे हे पुण्याला अडकले होते तेव्हा चिखल काढायला मीही चिंचच लावली होती. यांना अजून सांगितलेलं नाही."

आणि मला सकाळी काय खटकलं होतं ते लख्ख कळलं.

लग्नानंतर बारा वर्षं मी उल्हासनगरात, कॅम्प चारला, पितळी मूर्त्यांच्या कारखान्यात घासायच्या कामावर होते. तो सगळा माल भट्टीतून साच्यात ओतलेला. ओतीव मालाला बारीक भोकं राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत. त्यात आंबट शिरतं. वरून कितीही पुसा, दोन दिवसांनी आतलं आंबट बाहेर येतं आणि माल ठिपके धरतो. शेठ आमच्यावर ओरडायचा आणि आम्ही परत घासायचो. पण दाबलेला माल, तांब्या-वाटी म्हणा, एकदा घासला की स्वच्छ. प्रेस सगळी भोकं मिटवून टाकतो. बारा वर्षं माझी बोटं त्यात सोलून निघाली होती, ते मी विसरेन कशी? आमच्या मेडलानं ठिपके धरले नाहीत म्हणजे ते दाबलेलं, आणि साहेबांचं ओतीव.

मी मालिनीबाईंना हे सगळं तिथेच सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, कारण याचा अर्थ काय ते त्यांनाही समजलं. मी म्हटलं, बाई, तुम्ही म्हणाल तर मी गप्प बसते. मनातून मला मुळीच गप्प बसायचं नव्हतं, पण त्यांचं गुपित फोडायचा मला हक्क नव्हता. त्या थोडा वेळ आमच्या टेबलाकडे बघत राहिल्या. हे तसेच मान खाली घालून बसलेले. मग मालिनीबाई उठल्या आणि नवऱ्याला हाक मारून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पुरानं नाही हो. मीच घासलं होतं. आणि आता सुंदराबाई काय म्हणतात ते ऐका."

मी बोलले. सुरुवातीला आवाज कापत होता, मग कारखाना आठवला आणि कापायचा थांबला. चार दिवसांपूर्वी चिंचेत घातलेलं आमचं मेडल साहेबांच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, साहेब, यावर एक ठिपका दाखवा. त्यांनी भिंग काढलं. दोन्ही बाजू बघितल्या, कड बघितली, परत पहिली बाजू बघितली. एक ठिपका सापडला नाही.

तेव्हा हे उठले. ह्यांच्या खिशात चष्म्याबरोबर व्हर्नियर असतोच, माप घ्यायचा. आमचं मेडल मोजलं, त्र्याहत्तर. मग म्हणाले, साहेब, तुमची परवानगी असेल तर. आजवर साहेबांचं मेडल मोजावं असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं, ह्यांच्यासुद्धा. विष्णुपंतांनी स्वतः ते उचलून दिलं. माप भरलं एकाहत्तर आणि आठ दशांश.

पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. दोघंही कारखान्यातली माणसं. खऱ्या मेडलावरून साचा घेऊन ओतलं की धातू थंड होताना आकसतो, आणि नक्कल नेहमी तेवढी लहान निघते. विष्णुपंतांनी दोन्ही मेडलं एकेका तळहातावर घेतली, डोळे मिटले आणि अंगठा त्या माशावरून फिरवून पाहिला. माणूस खरंच शौकीन, हे मला तेव्हा पटलं. म्हणाले, "भीमराव, तुमचा मासा पोहतोय. माझा नुसता आहे."

'प्रतिकृती'ची चिठ्ठी त्यांनी आमच्या टेबलावरून आपल्या हातानं उचलली आणि आपल्या मेडलापुढे नेऊन ठेवली. टाळ्या आधी कोणी वाजवल्या आठवत नाही, बहुतेक मालिनीबाईंनीच. सकाळी पॉलिशचं विचारणारा तो गृहस्थ सगळ्यांत जोरात वाजवत होता. ह्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला हे व्हर्नियर पुसत बसले.

साहेब नवी चिठ्ठी लिहायला बसले. मूळ मेडल, अमेरिका, संग्राहक भीमराव, अंबरनाथ. हे म्हणाले, साहेब, अजून एक ओळ राहिली. कॅटलॉगात प्रत्येक चित्राखाली ते मेडल कोणी तपासलं त्याचं नाव असतं, ते घाला. साहेबांना वाटलं, ह्यांना स्वतःचंच नाव घालायचं आहे. मलाही तेच वाटलं. ह्यांनी पेन मागून घेतला आणि टूलरूमच्या त्या कोरीव अक्षरात खाली लिहिलं: तपासणी, सुंदराबाई आणि मालिनीबाई.

रेशनकार्ड आणि मतदार यादी सोडली तर माझं नाव कुठे लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. रविवारी दिवसभर मी त्या टेबलामागे खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला कोळ्यांचं मेडल हातात देऊन सांगितलं, डोळे मिटा आणि बोटानं बघा. रंग गेला तो गेलाच, मेडलाची किंमत उतरली, असं हे मला अजून ऐकवतात. मेडलांच्या कपाटाला त्यांनी आता कुलूप लावलंय. किल्ली मात्र माझ्या कमरेला असते, त्यांनीच दिलीय.