तलाठ्याच्या कव्हरातलं पुस्तक

कव्हर आतल्या पुस्तकापेक्षा आठ मिलिमीटर आखूड होतं. दक्षाने पट्टी लावून मोजलं होतं. पुस्तक उभं ठेवलं की खालून लाल पुठ्ठ्याची कड दिसायची, म्हणून ती ते नेहमी आडवं ठेवायची. कव्हरवर होतं ‘तलाठी भरती मार्गदर्शक’. आत होतं लाराव्हेलचं जाडजूड इंग्रजी संदर्भपुस्तक. लाराव्हेल म्हणजे वेबसाइट बांधायचा, पीएचपी या संगणकभाषेतला तयार सांगाडा.

ती भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाली त्याच दिवशी तिच्या बाबांनी, भिकांनी, मनातल्या मनात तिला तलाठी नेमून टाकलं होतं. सातबारा आणायला गेले की ते खुर्चीकडे बोट दाखवून तलाठी भाऊसाहेबांच्या तोंडावर सांगायचे, पुढे इथे आमची दक्षा बसणार. भरती निघणार निघणार म्हणत दोन वर्षं गेली. परीक्षा द्यायची नाही हे दक्षाचं केव्हाच ठरलं होतं. बाबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. आधी भात लावून होऊ दे म्हणाली, मग कापून होऊ दे म्हणाली, आणि भाताचं काय, ते दरवर्षी लावतात आणि कापतात.

आई, रखमी, अधूनमधून विचारायची, “तलाठीणबाई, कुठवर आलं?”

दक्षा लाल पुस्तकातल्या धड्याचं नाव सांगायची, “राउटिंगपर्यंत.” आई गंभीरपणे मान डोलवायची.

दसऱ्याला घरातल्या पुस्तकांची पूजा मांडली जायची, आणि एकदा मांडलं की संध्याकाळपर्यंत पुस्तक हलवायचं नाही असा घरचा नेम होता. त्या दिवशी विळा, कोयता आणि पाटीच्या शेजारी झेंडूखाली मार्गदर्शक बसलं. बाबा भाऊसाहेबांना सोनं द्यायला तलासरीला गेले. आणि चिखल्याहून जयश्रीताईंचा फोन आला.

जयश्रीताईंच्या समुद्राकाठी पर्यटकांसाठी खोल्या होत्या. त्यांची वेबसाइट हे दक्षाचं पहिलं काम. त्या वेबसाइटने एकाच खोलीचं बुकिंग दोघांना दिलं होतं. सुरतचं कुटुंब खाटेवर फाफडा-जलेबी मांडून बसलं होतं आणि ठाण्याचं कुटुंब दारात बॅगांवर बसून त्यांच्याकडे बघत होतं.

“आत्ता दोघांना एकत्र जेवायला बसवते,” जयश्रीताई म्हणाल्या. “पण तिसरं आलं तर मी कुठे बसू, ते सांग.”

दोष कुठे आहे ते दक्षाला फोनवरच कळलं. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर पहिल्याचं होईपर्यंत दुसऱ्याला थोपवणारं कुलूप लागतं. तेच राहिलं होतं. ते कसं लावायचं, हे पुस्तकात खूण करून ठेवलं होतं, आणि पुस्तक देवापुढे होतं. नेट मागच्या टेकाडावरच यायचं, तेही एखादी फाइल कशीबशी चढण्यापुरतं.

ती पूजेपाशी जाऊन बसली. हात जोडले. एक झेंडू सरळ केला. दुसरा सरळ करता करता कव्हराचा कोपरा बोटाने उचलला.

“काय गं, एवढी भक्ती?” आई मागेच उभी होती.

दक्षा म्हणाली, एक शंका आली होती, बघून लगेच ठेवते.

“तलाठ्याचं काम एवढ्या घाईचं असतं होय? मग आपला सातबारा महिनाभर का लागतो?”

दक्षाने कव्हरावरचं बोट काढून घेतलं. आईने चिमूटभर अक्षता पुस्तकावर टाकल्या, ते जरासं हलवलं आणि पूजा उठली असं जाहीर केलं. मग शेंग सोलावी तसं कव्हर सोललं. लाल पुठ्ठ्यावर कुंकवाची दोन बोटं होती, एक ताजं, एक फिकट.

“चकचकीत कागदावर कुंकू धरत नाही,” आई म्हणाली. “गेल्या वर्षीच कव्हर काढावं लागलं होतं.”

लाल पुस्तक तिने दक्षाच्या हातात दिलं. रिकामं कव्हर परत पाटीशेजारी मांडून त्यावर झेंडू ठेवला. “हे राहू दे. याचा अभ्यास देवच करतोय.”

दक्षा लॅपटॉप आणि पुस्तक घेऊन निघाली, तर उंबऱ्यातच बाबा. हातात आपट्याची उरलेली पानं होती. भाऊसाहेब म्हणालेत, जागा निघणार, असं त्यांनी चपला काढता काढता सांगितलं. मग पूजेकडे पाहिलं. वाऱ्याने झेंडू घरंगळला होता, आणि मार्गदर्शक पोट नसल्यासारखं फडफडत होतं.

“यातलं पुस्तक कुठे गेलं?”

आई चुलीकडे वळली आणि उगाचच भांडी वाजवू लागली. दक्षाने लाल पुस्तक छातीशी उभं धरलं.

“बाबा, मी तलाठ्याची परीक्षा देणार नाही.”