दगडाबाईची सावड

दिवस कासराभर वर आला, तरी दगडाबाईच्या बांधावर एक बाई फिरकली नव्हती. कापूस बोंडाबोंडांतून लोंबत होता, पान्हावलेल्या गाईच्या कासेसारखा. तिकडं कन्नडच्या घाटावर अवकाळी आभाळ काळवंडलेलं. आज वेचलं नाही तर सारं मातीत जायचं.

सावडीचा रिवाजच तसा, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. दगडाबाई साऱ्यांच्या रानात कापसाच्या ओळी, पाती ओढून आली होती, गाण्यालाही तीच पुढं. अन् तिची पाळी आली तेव्हा अख्ख्या गावच्या बायांची कंबर एकदमच धरली!

निमित्त एका घागरीचं. गावच्या कारभाऱ्याच्या रानात वेचणी चालू असताना बौद्धवाड्यातली सुरेखा घागरीतून आपल्या हातानं पाणी घेऊन प्याली. कारभाऱ्याच्या बायकोनं घागर तिच्यादेखत उपडी केली.

दगडाबाई ताडकन बोलली, "तिनं येचलेला कापूस चालतो, मंग तिनं घेतलेलं पाणी का नाय चालत?"

गोष्ट ग्रामसभेत गेली. दगडाबाईची धाकटी बहीण कौतिका तिची जाऊही होती. एकाच मांडवात दोघींना हळद लागलेली. चुलीपाशी बसून कौतिका म्हणाली होती, "अक्का, तू बोल. म्या हाय तुज्या मागं." सभेत मात्र तिनं पदर ओठांवर ओढला.

"म्या वाकून येचत व्हते. म्या काय बघितलं नाय."

सभेनंतर गावानं दगडाबाईची सावड तोडली. आता ती एकटीच कापसासाठी ओटी बांधून पातीला लागली. मागं पावलं वाजली. सुरेखा.

"मावशे, कोणती पात धरू?"

"तू कशाला आलीस? तुला कुणी कामाला बोलवायचं नाय."

"बंदच केलंय की! रिकामीच हाय, सावड फेडते. माज्यापायी तुजं नुकसान झालं."

"तुज्यापायी नाय गं. मलाच लाज वाटली."

दोघी वेचत राहिल्या. मध्येच सुरेखानं दगडाबाईची घागर तोंडाला लावली.

दिवस कलता कौतिका नाल्यातून, लपतछपत आली. धापा टाकत होती.

"अक्का, रागावू नको. घरच्यांनी दम दिला. माज्या सायलीची सोयरीक मोडंल म्हणले... आधी पाणी दे."

दगडाबाईनं घागर कलती केली. कौतिकानं ओंजळ धरली, ओठांपाशी नेली, अन् तिची नजर सुरेखावर गेली.

"हिनं पेलं का ह्यातलं?"

"व्हय."

ओंजळ सैल झाली. पाणी बोटांमधून काळ्या मातीत झिरपून गेलं.

"येवढी तहान नाय मला."

दगडाबाईनं घागर खाली ठेवली. "जा, कौतिके. वाकून जा. कुणी बघंल."

बहीण कापसाआड दिसेनाशी झाली. दगडाबाईचे हात थांबले नाहीत, पण गळ्यातून ओवी आपोआप सुटली :

*एका गं आईच्या कुशीच्या दोघी जणी*
*एकीनं सांडीयलं दुसरीच्या हातचं पाणी*

पुढच्या ओळीआधीच आभाळातला टपोरा थेंब बोंडावर पडला, मग दुसरा.

"मावशे," सुरेखा तिची अर्धी पात आपल्याकडं ओढत म्हणाली, "रडं मागनं गाऊ. आधी येच."