वर्दीतला फोटो

फौजेतून परतून प्रवीणला पुरतं वर्षही झालं नव्हतं, आणि आदिलाबादच्या बसस्टँडमागच्या मोठ्या खाजगी दवाखान्यात लोक त्याला ‘पीआरओ सार’ म्हणायला लागले होते. खिशात स्वतःच्या नावाची कार्डं असत, गळ्यात दवाखान्याची निळी पट्टी असे. आपल्याला कोणी हाक मारली हे पहिले काही दिवस त्याला कळायचंच नाही. सतरा वर्षं तो फक्त ‘हवालदार’ नाहीतर ‘उस्ताद’ या हाकेला वळला होता.

तो सैन्याच्या वैद्यकीय दलात होता. जखमा बांधायच्या, सलाईन लावायची, बर्फाने काळी पडलेली बोटं कोमट पाण्यात धरून बसायचं, हेच त्याचं काम. पण फौजेतलं ते शिक्षण बाहेर कोणी ग्राह्य धरत नव्हतं. दवाखान्याचे मालक डॉक्टर सुधाकरराव यांनी त्याला समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं, “हे बघ प्रवीण, पेशंटला हात लावायचं काम मी तुला देऊ शकत नाही. पण तुला मराठी येते, तेलुगू येते, हिंदी तर येतेच. उंचापुरा आहेस, बोलणं साफ आहे. गावोगाव जा, शिबिरं लाव, नातेवाइकांची समजूत घाल, पेपरवाल्यांना सांभाळ. लोकांचा भरवसा बसला पाहिजे.”

तेव्हापासून तो लोकांचा भरवसा बसवत फिरत होता. काम वाईट नव्हतं. मात्र वॉर्डातून जाताना कुणाची सलाईन अडकलेली दिसली की त्याचा हात आपसूक पुढे जाई, आणि त्याला तो खिशात घालावा लागे.

पहाटे तर फारच अवघड जाई. उजाडायच्या कितीतरी आधी डोळे उघडत. दाढी करून, बूट चकाकवून तो पायरीवर येऊन बसे. कुठे हजेरी नाही, कुठे शिट्टी नाही. सीमेवरच्या ठाण्यावर या वेळी हयातसिंग नावाचा त्याचा कुमाऊँचा जोडीदार स्टोव्हला शिव्या घालत चहा ठेवत असायचा. ती शिवी ऐकल्याशिवाय आपला दिवस सुरू होत नाही, असं त्याला वाटे.

त्याची बायको दीपमाला आतून म्हणे, “झोपा ना थोडं. कोण तुमाले बलवून राह्यलं?”

“सवय आहे.”

“सवय!” ती एकदा उठून दारात आली. “तुमी तिथं होते तवा फोनवर इथल्या गोष्टी विचारत होते. आता इथं आहात तं तिथल्या घेऊन बसता. मी कवा बोलावं तुमाशी?”

तो नुसता हसला.

रेणुकाबाई त्याला भेटली ती बाजारहत्नूरकडच्या एका गावात. तो पारावर दवाखान्याची पत्रकं वाटत होता. साठीची, काटक बाई, डोक्यावर ज्वारीच्या कडब्याची पेंढी. पत्रक तिने हातातही घेतलं नाही.

“तू फौजीत होता म्हणे?” तिने विचारलं.

“होतो मावशी.”

“माहा बंडू हाय लडाकले. तिथं किती थंडी असते रे बाबू? खरं सांगजो. तो मले खोटंच सांगते.”

प्रवीण दोन वर्षं लडाखला काढून आला होता. त्याने पेंढी उतरवून घेतली आणि तिला सांगू लागला. पाणी पिण्याआधी वितळवावं लागतं. मोज्यांवर मोजे घालतात. झोपायच्या पिशवीत शिरलं की पहिल्यांदा अंग शहारतं आणि मग ऊब येते. रात्री आभाळ इतकं खाली येतं की बोलणाराही आवाज बारीक करतो. रेणुकाबाई ऐकत होती, आणि मध्येच विचारत होती, “जेवाले काय देतात? भाकर भेटते का? पोळीच? मंग बंडू कसं खात असन?”

त्या दिवशी किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. मोटारसायकलवरून परतताना मात्र जाणवलं की, घरी आल्यापासून आपण पहिल्यांदाच पोटभर बोललो.

मग दर गुरुवारी त्याचा दौरा बाजारहत्नूरकडेच निघू लागला. ती मुलाची चौकशी केल्यासारखी त्याला विचारी, आणि तो तिकडचं सांगता सांगता तिकडे जाऊन येई. एकाला तिथलं माणूस हवं होतं, दुसऱ्याला ती जागा. दोघांचंही रेणुकाबाईच्या घरच्या ओट्यावर भागत होतं.

जानेवारीत डॉक्टरांनी बाजारहत्नूरला मोतीबिंदूचं शिबिर ठरवलं, तेही सव्वीस जानेवारीला. प्रवीणला बोलावून ते म्हणाले, “त्या दिवशी तू वर्दीत ये. मेडल लावून. लोक आधी तुझ्याकडे बघतील, मग आपल्या बॅनरकडे. फोटो चांगले आले तर होर्डिंगही करू.”

निवृत्त माणसाने वर्दी घालायची ती समारंभाला, जाहिरातीला नाही, हे प्रवीणला पक्कं ठाऊक होतं. नाही म्हणायचं त्याच्या ओठावर आलंही होतं. पण ‘वर्दी’ हा शब्द ऐकल्यावर त्याचं मन त्याच्या हातात राहिलं नाही. सव्वीस जानेवारी म्हणजे समारंभच की, असं त्याने स्वतःला समजावलं आणि “येतो सर,” म्हणून मोकळा झाला. आदल्या संध्याकाळी त्याने पत्र्याच्या पेटीतून वर्दी काढली, स्वतः इस्त्री केली. कमरेला थोडी आवळत होती. आरशासमोर तो बराच वेळ उभा राहिला. दीपमाला दारातून बघत होती.

शाळेच्या मैदानावर सकाळी झेंडावंदन झालं आणि लागूनच शिबिराची रांग सुरू झाली. कोवळं ऊन होतं, अजून धुकं पुरतं निवळलं नव्हतं. प्रवीण मंडपाच्या तोंडाशी उभा होता, ताठ, टोपी तिरकी. कितीतरी दिवसांनी त्याचे पाय जमिनीवर नीट टेकले होते.

रेणुकाबाई फाटकातून आत आली. डोळ्यांवर हात धरून तिने समोर पाहिलं, आणि हातातली पिशवी टाकून ती धावतच सुटली.

“बंडू! माहा बंडू आला वं! न सांगताच आला!”

काय होतंय हे कळायच्या आत तिने त्याला मिठी मारली. तिचं डोकं त्याच्या मेडलांवर टेकलं होतं. ‘मावशी, मी प्रवीण,’ एवढंच म्हणायचं होतं. पण त्याची स्वतःची आई, प्रयागबाई, तो सीमेवर असतानाच गेली होती. रजा मिळून तो पोहोचला तेव्हा घरी तेरावा होऊन गेला होता. त्या वर्दीला अशी मिठी कधी पडलीच नव्हती. त्याने हात उचलून म्हातारीच्या पाठीवर ठेवले आणि तसाच उभा राहिला.

तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. बोटं मिशीवर आली आणि थांबली. बंडूला मिशी नव्हती.

“तू नव्हं,” ती हळूच म्हणाली. मग मागे सरली. आजूबाजूला माणसं बघत होती, म्हणून ती हसली. “डोयेच गेले बाप्पा माहे. आंधयीच झाली मी.”

ते हसणं प्रवीणला सोसवलं नाही. तो मंडपामागे गेला आणि टोपी काढून कितीतरी वेळ हातात धरून बसला.

फोटो मात्र निघाला होता. दवाखान्याचं सोशल मीडियाचं काम हर्षाली नावाची मुलगी बघायची. तिने ती मिठी नेमकी टिपली आणि त्याच संध्याकाळी ‘जवान आणि आई : विश्वासाचं नातं’ असं लिहून सगळीकडे पाठवून दिली. रात्रीपर्यंत ती साऱ्या जिल्ह्यात फिरली. दुसऱ्या दिवशी एका तेलुगू पेपरात आली. सुधाकररावांनी सगळ्यांसमोर प्रवीणची पाठ थोपटली. “असा फोटो विकत मिळत नसतो,” ते म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी त्याला अनोळखी नंबरवरून फोन आला.

“तुमी प्रवीणभाऊ का? दवाखान्यातले?” आवाज तुटत येत होता. “मी बंडू बोलून राह्यलो. लडाकवरून. तुमी माह्या मायच्या गयात पडून फोटो काऊन काढला?”

अशा वेळी काय बोलायचं हे प्रवीण आता शिकला होता. चिडलेल्या नातेवाइकाला आधी बोलू द्यायचं, मग आवाज खाली आणायचा, ‘तुमची भावना समजते’ म्हणायचं. त्यातलं काहीच त्याला म्हणवलं नाही. त्याने घडलं तसं सांगितलं. वर्दी कशासाठी घातली होती, तेही. “तिला वाटलं तू आलास,” तो म्हणाला. “मी लगेच सांगायला पाहिजे होतं. मला सांगवलं नाही.”

पलीकडून जनरेटरची घरघर ऐकू येत होती. मग बंडूचा आवाज आला, अगदी वेगळा.

“माय बारीक झाली का हो?”

“थोडी झाली. पण खुटखुटीत आहे. डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करावं लागेल. तुला नाही सांगितलं?”

“नाई. मले तं म्हणते, सगळं चांगलं हाय.”

“तिकडच्या माणसाला कोणीच काही सांगत नाही रे. मलाही सांगत नव्हते.”

तेवढ्यात मागून कोणीतरी हिंदीत ओरडलं, “चाय आ गई, अपना अपना मग्गा लाओ.” पाठोपाठ पत्र्याच्या मग्ग्यांचा खणखणाट झाला. प्रवीणने फोन कानाशी आणखी दाबला.

“चहा आला का?”

“हाव.”

“लंगरचा आचारी आलं टाकतो?”

बंडू पहिल्यांदा हसला. “आलं कायचं? साखरच टाकते ढिगानं.” मग म्हणाला, “उस्ताद, तुमाले तिकडं करमत नाई का?”

“चहा घे,” प्रवीण म्हणाला. “निवून जाईल.”

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांच्या खोलीत गेला. “सर, तो फोटो काढून टाकायला सांगा. होर्डिंगही नको.”

“अरे, लोक त्या फोटोमुळे येताहेत!”

“वर्दी जाहिरातीला घालायची नसते सर. हे मला माहीत होतं. मला ती घालायची होती, म्हणून मी घातली. पण त्या बाईचा मुलगा बर्फात बसून तो फोटो बघतोय.”

सुधाकरराव थोडे चिडले, पण मग हर्षालीला बोलावून त्यांनी फोटो काढायला सांगितलं. “आता त्या बाईला ऑपरेशनला तरी घेऊन ये,” ते म्हणाले. “डोळे खरंच वाईट आहेत तिचे.”

प्रवीण तिला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. ऑपरेशननंतर पट्टी उघडली तेव्हा रेणुकाबाईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “तू तं लयच काया हाय रे! बंडू गोरा हाय माहा,” ती म्हणाली, आणि सगळा वॉर्ड हसला.

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत बंडू रजेवर आला. प्रवीणला जेवायला बोलावणं होतं. रेणुकाबाई चुलीपुढून पुन्हा पुन्हा मान वळवून मुलाचं तोंड बघत होती. एक भाकर त्या नादात करपली. प्रवीणला ठाण्यांची नावं विचारायची होती, खिंड उघडली का विचारायचं होतं. बंडू दोन शब्दांत उत्तरं देई आणि अंगणातल्या शेवग्याकडे बघत बसे. शेवटी तोच म्हणाला, “उस्ताद, तुमच्या दवाखान्यात माह्यासाठी जागा निंघन का कवा? रोज घरी तं येता येते तुमाले.”

प्रवीण त्याच्याकडे बघतच राहिला. आपण रात्रंदिवस जिथं जायला झुरतो, तिथून हा इथं यायला झुरतो आहे. “निघेल कधीतरी,” तो म्हणाला. “पण आधी रजा पुरी भोग. तिकडचा विचार इथं करू नको. मी तेच करत बसलो.”

रजा संपली. नागपूरची बस आदिलाबादहून होती. रेणुकाबाई घराच्या फाटकाच्या पुढे आली नाही. “तूच बसवून दे त्याले,” तिने प्रवीणला सांगितलं. “मले नाई होत.”

बंडूची पेटी टपावर चढली. त्याने खिडकीतून हात हलवला, बस वळणाआड गेली. प्रवीण तिथेच उभा राहिला. आजवर तो नेहमी बसमध्ये असायचा. बस निघाली की पुढचा रस्ता दिसायचा, मनात ठाणं यायचं, सोबती यायचे. गेलेल्या बसकडे पाठ करून चालायला लागायचं, हे त्याने कधी केलंच नव्हतं. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर होता, पण पाय उचलेनात.

दुपारी तो घरी जेवायला गेला. दीपमालाने ताट वाढलं. पहिला घास हातात घेऊन तो थांबला.

“मी रजेवरून जायचो तेव्हा तू मला बसवून द्यायला यायचीस,” तो म्हणाला. “मग घरी कशी जात होतीस?”

तिने हातातला डाव खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ती त्याच्यासमोर बसली.

“तवा मी गावाकडं राहत होती. तलमडुगुच्या बसनं. पण फाट्यावरच उतरायची, गावात नाई. तिथून पायी.”

“काऊन? लांब आहे ते.”

“घरी लवकर पोचलं तं दिवस लय मोठा व्हायचा,” दीपमाला म्हणाली. “वाटंत कापसाची वावरं लागत. बाया हाका मारत, गेला का गं नवरा? मी म्हणाव, गेला. असं चार जणींना सांगत सांगत घरी जाव. मंग घरात शिरताना तितकं जड नाई वाटे.”

“अजून सांग,” प्रवीण म्हणाला.

आणि भात निवत असताना ती सांगत राहिली.